‘आमेन’ म्हटल्यावर

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. दहावीच्या वर्गांतील एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर माझ्याकडे आला आणि दारांतच घुटमळत उभा राहिला. “सर, एक विचारायचें होतें, पण आपण रागावणार नाहीं ना?” असें म्हणून त्यानें जें सांगितलें त्याचा मथितार्थ असा: सकाळच्या प्रार्थनेस तो नियमानें उभा राहतो, डोळे मिटतो, गीतही म्हणतो, परंतु मनाला कांहींच जाणवत नाहीं. उलट, मागील महिन्यांत त्याची आजी आजारी असतां तो रात्रभर तिच्या उशाशीं बसला होता. पहांटे तिचा ताप उतरला, तिनें डोळे उघडून पाणी मागितलें, आणि त्या क्षणीं खोलींत आपणां दोघांखेरीज आणखीही कोणी आहे असें त्याला वाटलें. “तो देव असेल, तर प्रार्थनेच्या वेळीं तो कोठें असतो? आणि तो घरींच भेटत असेल, तर प्रार्थनेला तरी कां यावें?”

मला त्या वेळीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. “विचार करून सांगतों,” असें म्हणून मीं त्याला निरोप दिला. परंतु प्रश्न मनांतून जाईना. हा केवळ एका मुलाचा प्रश्न नव्हे. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत तो असतो, आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळ पालकांच्या व शिक्षकांच्याही मनांत असतो. फरक इतकाच कीं, मोठीं माणसें तो विचारीत नाहींत. म्हणून ह्या वार्षिकांत त्याचा थोडा विचार करावा असें योजिलें आहे.

ह्या विषयासंबंधानें समाजांत दोन मतें प्रचलित आहेत. कित्येकांना वाटतें कीं, देवाचें सान्निध्य म्हणजे मंदिराची गोष्ट. रविवारीं स्वच्छ वस्त्रें परिधान करून जावें, गीतें गावीं, उपदेश ऐकावा, आशीर्वाद घ्यावा आणि घरीं परतावें. मग सोमवारपासून शनिवारपर्यंत बाजार, कचेरी, शाळा ह्यांचें राज्य. दुसरे म्हणतात, “देव सर्वत्र आहे, मग चार भिंतींत जाऊन त्याला काय शोधावयाचें? माझें काम हीच माझी पूजा.” पहिल्या मतानें देवाला एका इमारतींत कोंडून ठेविल्यासारखें होतें, दुसऱ्या मतानें तो इतका सर्वत्र पसरतो कीं, शेवटीं कोठेंच भेटत नाहीं. माझ्या मतें हीं दोन्ही मतें अपुरीं आहेत.

पवित्र शास्त्र उघडून पाहिलें तर पहिल्या मताला फारसा आधार सांपडत नाहीं. याकोब भावाला फसवून घरांतून पळाला होता. रात्र पडली तेव्हां रानांत एक धोंडा उशाला घेऊन तो निजला. तेथें ना वेदी, ना याजक, ना गीत. आणि त्याच्या मनाची स्थिति तर प्रार्थनेला अगदींच प्रतिकूल. तरी त्याच उघड्या रानाला त्यानें सकाळीं बेथेल, म्हणजे देवाचें घर, असें नांव दिलें. मोशे सासऱ्याचीं मेंढरें चारीत असतां जळत्या झुडुपापाशीं त्याला देवाची हांक आली. पेत्र व त्याचा भाऊ जाळें टाकीत होते, मत्तय जकातीच्या नाक्यावर बसला होता, शोमरोनी स्त्री भर दुपारीं घागर घेऊन विहिरीवर आली होती. ह्यांतील एकही मनुष्य त्या वेळीं उपासनेंत नव्हता. प्रत्येकाची गांठ पडली ती आपआपल्या कामांत. माझ्या विद्यार्थ्याला आजीच्या उशाशीं जें वाटलें त्याला शास्त्रांत असे पुष्कळ साक्षीदार आहेत.

परंतु तेवढ्यावरून दुसरें मत खरें ठरत नाहीं. यशयाला देवाच्या पावित्र्याचें दर्शन झालें तें मंदिरांत, आणि उज्जीया राजा मरण पावला त्या वर्षीं, म्हणजे राष्ट्रावर चिंतेची छाया असतांना. वृद्ध शिमोनानें बाळ येशूला हातांत घेतलें तेंही मंदिरांत. तो आयुष्यभर वाट पाहणारा मनुष्य होता म्हणूनच त्या गर्दींत त्याला एका गरीब जोडप्याचें मूल ओळखतां आलें. म्हणजे देव शेतांतही भेटतो व मंदिरांतही भेटतो. खरा प्रश्न तो कोठें आहे हा नाहीं. आपल्याला त्याची ओळख कशी पटते, हा आहे.

ह्या बाबतींत एका साध्या माणसाचें चरित्र मला फार उद्बोधक वाटतें. सतराव्या शतकांत फ्रान्स देशांत निकोला हर्मान ह्या नांवाचा एक सैनिक होता. लढाईंत जखम होऊन तो पायानें अधू झाला. तरुणपणीं एकदां हिवाळ्यांत त्यानें एक निष्पर्ण झाड पाहिलें; थोड्याच दिवसांनीं ह्याच वाळक्या फांद्यांना पालवी फुटेल, पुढें फुलें व फळें येतील, ह्या विचारानें त्याच्या मनांत देवाच्या सामर्थ्याविषयीं जी जाणीव उत्पन्न झाली ती पुढें कधीं गेली नाहीं. १६४० मध्यें तो पॅरिस येथील कार्मेली मठांत दाखल झाला. तेथें त्याला लॉरेन्स हें नांव मिळालें. विद्वत्ता नसल्यामुळें त्याच्या वांट्याला मुदपाकखान्यांतील काम आलें, आणि तें काम त्याला मनापासून नावडतें होतें! पंधराएक वर्षें त्यानें तेथें स्वयंपाक केला, भांडीं घांसलीं. पुढें मठांतील लोकांच्या वहाणा दुरुस्त करण्याचें काम केलें. १६९१ मध्यें तो मरण पावला. त्याच्या पश्चात् त्याचीं पत्रें व संभाषणें छापून निघालीं, आणि त्या लहानशा पुस्तकाचीं अनेक भाषांत भाषांतरें झालीं.

बंधु लॉरेन्स ह्यांची शिकवण इतकी साधी आहे कीं ती वाचून मनुष्य प्रथम निराश होतो. देव जवळ आहे हें काम करतां करतां स्मरावें. मन भटकलें तर त्याला हळूच परत आणावें. चूक झाली तर ती कबूल करावी आणि खंत करीत न बसतां पुन्हां कामाला लागावें. त्यांना मुदपाकखान्याच्या गडबडींतही देवाचें सान्निध्य प्रार्थनेच्या वेळेइतकेंच लाभत असे. परंतु विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ही स्थिति त्यांना पहिल्या दिवशीं प्राप्त झाली नाहीं. मठांतील पहिलीं दहाएक वर्षें आपण अत्यंत अस्वस्थ होतों असें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. दहा वर्षें! आणि आपण पंधरा मिनिटांच्या प्रार्थनेंत मन लागलें नाहीं म्हणून प्रार्थनाच खोटी असें ठरवूं लागतों. जाणवणें हें प्रार्थनेचें फळ असेल, तिचें माप नव्हे. रोज पाणी घातलेल्या आंब्याच्या कलमाला दुसऱ्या दिवशीं मोहोर आला नाहीं म्हणून तें उपटून टाकणाऱ्या माळ्याला आपण काय म्हणूं?

इतक्या दूर फ्रान्सपर्यंत जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्या महाराष्ट्रांत आणि गोमंतकांत पहांटे दळण दळतांना बायका ओंव्या गात आल्या आहेत. हातानें जात्याचा खुंटा फिरवावा आणि मुखानें देवाचें, माहेराचें, लेंकराचें नांव घ्यावें, ही रीत आपल्या आज्या-पणज्यांना कोणा पंडितानें शिकविली नाहीं. मूळचे इंग्लंडचे व १५७९ मध्यें गोव्यास आलेले फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनीं ख्रिस्तचरित्र मराठींत गावयाचें ठरविलें, तेव्हां त्यांनीं छंद निवडला तो ओंवीचाच. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापून निघालें. जो छंद ज्ञानेश्वरींत होता व ज्याचें नांव जात्यावरील गाण्याला होतें, त्याच छंदांत प्रभूची कथा लोकांनीं ऐकली. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनींही हाच मार्ग धरिला. १८९५ मध्यें मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर १९१९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनीं अभंग, भजन आणि कीर्तन ह्यांच्या द्वारें मराठी मंडळीला आपल्या भाषेंत देवापाशीं बोलावयास शिकविलें. त्यांचीं पुष्कळ गीतें आजही आपण रविवारीं गातों. ज्या भाषेंत आई हांक मारते त्याच भाषेंत देवाशीं बोलतां आलें म्हणजे मंदिर आणि घर ह्यांमधील भिंत पातळ होते, हें ह्या थोर पुरुषांनीं ओळखिलें होतें.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. घरीं, कामांत, आजाऱ्याच्या सेवेंत देव भेटतो, तर एकत्र उपासनेची गरज काय? ह्याचें उत्तर मला लूकच्या शुभवर्तमानांतील अम्माऊसच्या वाटेवर सांपडतें. प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवशीं दोन शिष्य यरुशलेमेहून अम्माऊस गांवीं निघाले होते. अंतर सुमारें सात मैल. वाटेंत स्वतः प्रभु त्यांच्याबरोबर चालूं लागला, शास्त्राचा अर्थ सांगूं लागला. पण त्यांनीं त्याला ओळखिलें नाहीं. संध्याकाळ झाली म्हणून त्यांनीं त्या अनोळखी पांथस्थाला आग्रहानें घरांत घेतलें. भोजनास बसल्यावर त्यानें भाकरी घेतली, आशीर्वाद मागितला, ती मोडून त्यांना दिली, आणि त्याच क्षणीं त्यांचे डोळे उघडले. मग त्यांना आठवलें कीं, वाटेवर तो बोलत असतांनाच आपलें अंतःकरण पेटून निघालें होतें.

ह्या कथेंत दोन्ही मतांचा निकाल लागतो. प्रभु त्यांना भेटला तो रस्त्यावर. पण ओळखूं आला तो मोडलेल्या भाकरींत. वाट नसती तर भेट झाली नसती. भाकरी नसती तर ती भेट होती हें कधींच कळलें नसतें. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेंत एक पान भिंगाखालीं पाहतो. दुसऱ्या दिवशीं शाळेच्या वाटेवरील प्रत्येक झाड त्याला निराळें दिसूं लागतें. झाडें कालही तेथेंच होतीं. पाहण्याची दृष्टि मात्र नव्हती. उपासना ही अशी दृष्टि तयार करण्याची जागा आहे. माझ्या विद्यार्थ्याला आजीच्या खोलींत जें सान्निध्य जाणवलें, त्याला ‘देव’ हें नांव देण्यास तो कोठें शिकला? ज्या प्रार्थनेंत आपणांस कांहींच जाणवत नाहीं असें तो म्हणतो, तेथेंच!

आणखी एक कारण आहे. मनुष्य एकटाच देवाला शोधूं लागला म्हणजे हळूहळू तो आपल्या सोईचा देव तयार करतो. त्या देवाला आपले शत्रु आवडत नाहींत आणि आपल्या खोडी दिसत नाहींत. मंदिरांत मात्र आपण ज्याच्याशीं बोलत नाहीं तोही शेजारच्या बांकावर येऊन बसतो, आणि प्रभुभोजनांत एकाच भाकरीचा तुकडा त्याला व आपणांस मिळतो. ज्या देशांत कोणी कोणाच्या हातचें पाणी प्यावें ह्यावरून माणसाची किंमत ठरत असे, त्या देशांत ही लहानसान गोष्ट नव्हे. लक्ष्मीबाई टिळकांनीं ‘स्मृतिचित्रें’ ह्या आपल्या आत्मचरित्रांत सोंवळें-ओंवळें सोडतांना मनाशीं किती झगडावें लागलें तें किती प्रांजळपणें सांगितलें आहे! मात्र प्रामाणिकपणें हेंही कबूल केलें पाहिजे कीं, एका भाकरींतून खाऊनही मंदिराबाहेर येतांच पूर्वीच्या जातीची आठवण ठेवणारे लोक ख्रिस्ती मंडळींतही होते आणि अद्यापि आहेत. त्यांची उपासना ‘आमेन’ शब्दापाशींच संपली असें म्हणावें लागतें.

येथें मला माझाच एक अपराध सांगितला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं, मी नवा शिक्षक असतां, सकाळच्या प्रार्थनेची हजेरी घेण्याचें काम माझ्याकडे होतें. एके दिवशीं प्रार्थनेचा विषय ‘देव आपणांजवळ आहे’ हाच होता आणि बोलणारा मीच होतों. ‘आमेन’ म्हणून डोळे उघडले तों एक लहान मुलगा दाराबाहेर उभा असलेला दिसला. तो त्या आठवड्यांत तिसऱ्यांदा उशिरां आला होता. कांहीं न विचारतां मीं त्याला सर्वांदेखत कठोर शब्द बोललों आणि दुपारपर्यंत वर्गाबाहेर उभें केलें. तो कांहीं बोलला नाहीं. संध्याकाळीं त्याच्या शेजारच्या मुलाकडून कळलें कीं, त्याची आई बाळंतीण होती आणि दोन गल्ल्या पलीकडच्या नळावरून घरचें सगळें पाणी भरूनच त्याला निघावें लागे. ज्या वेळीं मी देवाच्या सान्निध्याविषयीं सुंदर वाक्यें बोलत होतों, त्या वेळीं तो मुलगा आईसाठीं हंडा वाहत होता. आम्हां दोघांत उपासना कोणाची खरी, हें मला त्या रात्रीं उमगलें. दुसऱ्या दिवशीं मीं त्याची क्षमा मागितली. परंतु ती मागितली एकांतांत, आणि अपमान केला होता चारशें मुलांसमोर. ही गोष्ट अजूनही मला बोचते.

प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत सांगितलें आहे कीं, वेदीशीं अर्पण आणिल्यावर आपल्या भावाच्या मनांत आपल्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याच्याशीं समेट करावा. म्हणजे देवाच्या दृष्टीनें भावाकडे जाण्याची वाट वेदीपासूनच सुरू होते. आमोस संदेष्ट्यानें तर गरिबाला तुडवून सण पाळणाऱ्यांचीं गीतें देवाला नकोशीं झालीं आहेत असें रोखठोक बजाविलें आहे. ‘आमेन’ हा इब्री शब्द आहे. ‘खरोखर’, ‘तसेंच असो’ असा त्याचा अर्थ. तो शेवट करण्याचा शब्द नसून करार करण्याचा शब्द आहे. सही केल्यावर दस्तऐवज पेटींत टाकून विसरून जावयाचा नसतो; सही केल्यापासून तो अमलांत येत असतो.

ह्यावरून आपल्या शाळेसंबंधानें मला दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही कीं, प्रार्थनेची हजेरी घेऊं नये व उशिरां येणाऱ्यास त्याबद्दल शिक्षा करूं नये. आपल्या शाळेंत ख्रिस्ती मुलें आहेत, तशींच हिंदु, बौद्ध, मुसलमान व इतर धर्मांचींही आहेत. १९५० मध्यें अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणें सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकांच्या, संमतीवांचून धार्मिक शिक्षणांत अथवा उपासनेंत भाग घ्यावयास लावतां येत नाहीं. हा कायदा आहे म्हणून तर पाळावाच. परंतु कायदा नसता तरी मी हेंच म्हटलें असतें. दारावर उभा राहून ठोठावणारा प्रभु कोणाचें दार फोडून आंत आल्याचें मीं वाचलेलें नाहीं. जबरदस्तीनें मिटलेल्या डोळ्यांपुढें अंधारच असतो.

दुसरी सूचना अगदीं लहान आहे. ‘आमेन’ म्हणतांच पळत वर्गांत जाण्याऐवजीं आपण एक मिनिट स्तब्ध राहावें. त्या मिनिटांत प्रत्येकानें एवढाच विचार करावा कीं, आज मला कोण भेटणार आहे? ज्याच्याशीं अबोला आहे असा मित्र, जो गणितांत मागें आहे असा सोबती, वर्ग झाडणारी मावशी, फाटकापाशीं बसणारे काका. ह्यांपैकीं कोणाच्या रूपानें प्रभु आज माझ्यासमोर येईल? भुकेल्याला, तान्हेल्याला, आजाऱ्याला जें केलें तें मलाच केलें असें तो न्यायाच्या दिवशीं म्हणणार आहे, हें मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत आपण वाचितों. त्या दिवशीं नीतिमान लोकांनाही आश्चर्य वाटतें. प्रभूला आपण केव्हां भेटलों हें त्यांनाही ठाऊक नसतें!

पालकांनाही नम्रपणें एक गोष्ट सुचवितों. देव जवळ आहे हें मुलें आपल्या उपदेशावरून शिकत नाहींत. जेवणापूर्वीं उपकारस्तुति करून लगेच भाजींत मीठ कमी पडलें म्हणून घरांतील बाईमाणसावर ओरडणारे वडील मुलांना निराळाच धडा देत असतात. उलट, उपासनेहून परततांना वाटेंतल्या भाजीवालीशीं आदरानें बोलणारी आई त्या दिवसाच्या उपदेशाचा अर्थ मुलांना दोन मिनिटांत समजावून देते. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल असतो आणि प्रार्थनेंतही तो कुरकुरतो. मुलानें तो बाजूस ठेवावा असें वाटत असेल, तर आधीं आपण ठेवावा.

आतां माझ्या विद्यार्थ्याला द्यावयाचें राहिलेलें उत्तर. बाळा, तुझा अनुभव खरा आहे. त्याविषयीं शंका धरूं नकोस. त्या पहांटे आजीला पाणी पाजतांना जो तुमच्याजवळ होता तोच सकाळच्या प्रार्थनेंतही असतो. तेथें तो मुका आहे असें तुला वाटतें, कारण तेथें तो तुला भाषा शिकवीत असतो, आणि मुळाक्षरें गिरवितांना कोणालाही काव्याचा आनंद होत नाहीं. गिरविणें सोडूं नकोस. मन भटकलें तर त्या बंधु लॉरेन्सप्रमाणें त्याला हळूच परत आण. आणि ‘आमेन’ म्हटल्यावर घरीं जा. आजीला औषध देण्याची वेळ झाली असेल.